दोन बारांमधली उसंत

माणसाचं स्वतःचं घर झालं की त्याला दोन गोष्टींची चिंता लागते : पाण्याची आणि चोरांची. आमच्या छत्रपती संभाजीनगरात पहिली चिंता इतकी मोठी आहे, की टाकी भरल्याशिवाय चोराचा विचार करायला सवड होत नाही. टाकी भरली की मग आम्ही कडीला दुसरी कडी लावतो, दाराशी दोन जोड चपला जास्त ठेवतो आणि गावाला जाताना "जरा लक्ष असू द्या हं" असं ओरडून चोरासकट सगळ्या गल्लीला आमची तारीख कळवतो.

ज्यांची ऐपत मोठी, त्यांचे इलाजही मोठे. आमचे मेहुणे टेक्सासात स्थायिक आहेत. त्यांना बंदूक घ्यायची आहे. ती रात्री घर राखणारी हवी, शिवाय सप्टेंबरात होल्यांची शिकार सुरू झाली की मित्रांबरोबर रानातही नेता आली पाहिजे. एका खर्चात दोन कामं, हा मध्यमवर्गीय बाणा सातासमुद्रापलीकडेही सुटत नाही! त्यांनी फोनवर विचारलं, "दाजी, दुनळी घेऊ की सेमी-ऑटोमॅटिक?"

मला विचारायचं कारण एवढंच, की वीस वर्षं मी बंदुकीपासून दहा फुटांवर बसतो आहे. आमच्या शाखेतले पहारेकरी म्हणजे निवृत्त जवान. त्यांच्या दुनळीनं इतक्या वर्षांत एकही बार काढलेला नाही; पासबुक भरून घेणाऱ्यांची रांग मात्र ती सरळ ठेवते.

तरीही मी अभ्यास केला. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला माल कळला नाही तरी तुलना करता येते. पूर्वी ठासणीची बंदूक असे. दारू ठासा, छर्रे ठासा, टोपी बसवा, मग एक बार. दुनळीचे दोन बार झाले की ती उघडायची, रिकामी काडतुसं काढायची, नवी घालायची. सेमी-ऑटोमॅटिकचा मामला वेगळा. जॉन ब्राउनिंग या अमेरिकनानं शोधलेली अशी बंदूक १९०२ पासून बेल्जियममध्ये तयार होऊ लागली. पहिल्या बाराचा जो धक्का बसतो, त्याच धक्क्याच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं भरलं जातं. माणसानं फक्त चाप ओढायचा.

म्हणजे बंदुकीची ही सगळी प्रगती दोन बारांमधली उसंत काढून टाकण्यात झाली. त्या उसंतीत पाखरू उडून जायचं, चोर पळून जायचा आणि बंदूकवाल्याचा राग खाली बसायचा. तेवढ्यात तो "आपण हे काय करतो आहोत?" असंही स्वतःला विचारू शकत असे.

हे अमेरिकन सरकारलाही कळलं असावं. १९३५ साली त्यांनी नियम केला, की स्थलांतर करणाऱ्या पाखरांच्या शिकारीला नेलेल्या अशा बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत; आत खुंटी बसवायची. होलाही त्यात आला. मेहुणे म्हणाले, "घरासाठी ती खुंटी काढता येते, दाजी." म्हणजे होल्याच्या बाबतीत सरकारनं मोजून दिलं आहे, दारातल्या माणसाच्या बाबतीत मोजदाद मेहुण्यांनी करायची!

आपल्याकडे असली निवड करायची वेळच येत नाही. शस्त्र नियमांनुसार ही बंदूक निर्बंधित वर्गात मोडते. साध्या दुनळीसाठीही कारण सांगा, चौकशीला तोंड द्या, पोलीस आयुक्तालयात खेटे घाला. मिळालाच परवाना, तर निवडणूक आली की बऱ्याच जणांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. त्या दिवसांत चोरांनीही आचारसंहिता पाळावी, अशी अपेक्षा असणार. शिकारीचे परवाने १९७२ च्या वन्यजीव कायद्यात होते. १९९१ च्या दुरुस्तीनं तेही गेले. पैठणच्या नाथसागरावर १९८६ पासून अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे चक्रवाक उतरतात, आणि आपण दुर्बीण घेऊन जायचं.

बंदूक मुळातच पापी, असं मात्र मी म्हणणार नाही. दिल्ली दरवाजाजवळच्या आमच्या सरोवराला ज्यांचं नाव आहे, त्या सलीम अलींनी लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली होती. त्यांनी ती उचलून नीट पाहिली. गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत चौकशीला गेले, आणि देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले. पण बार आणि पुढचा बार यांच्यामध्ये त्यांचं पाहणं होतं, नोंद होती.

मेहुण्यांच्या भीतीलाही मी हसत नाही. त्यांचा शेजार अर्ध्या मैलावर. इथे मी रात्री नुसता खोकलो तरी सकाळी तिघं औषध सुचवतात. हाकेला ओ देणारं कुणी नसलं की माणूस बंदुकीचा भाव विचारणारच. कायदाही त्याच्या बाजूनं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या आपल्या भारतीय न्याय संहितेतही रात्रीच्या घरफोडीला तोंड देताना प्रसंगी समोरच्याचा जीव गेला तरी बचावाचा हक्क मानला आहे. अट एकच : गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आता ही गरज मोजणार कोण? तर अंधारात, झोपेतून उठलेला, उशाखाली चष्मा चाचपडणारा मी!

म्हणून मी सरळ हिशेब मांडला. रात्री दोननंतर आजवर आमच्या दाराशी चौघं आले. पहिला शेजारचा मुलगा. आजीला दवाखान्यात न्यायचं होतं. दुसरे आमचे सासरे. त्यांची एसटी वाटेत बंद पडली होती. तिसरा आमचाच चिरंजीव. मित्राच्या लग्नाहून येऊन कुंपणावरून उडी मारत होता. चौथा चोर, तो सायकल घेऊन गेला. अंधारात चौघांचीही चाहूल सारखीच होती.

बँकेत चुकीची नोंद झाली तर दुसऱ्या दिवशी उलट नोंद टाकून खातं सरळ करता येतं. या खात्यात ती सोय नाही.

मेहुण्यांना मी दुनळीच सुचवली. तीही कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत. "मग चोर आल्यावर उपयोग काय?" असं ते म्हणाले. आल्यागेल्याला नाव विचारायला तेवढा वेळ मिळतो, हाच उपयोग. आमची सायकल मी केव्हाच बुडीत खाती टाकली. बाकीचे तिघं सुखरूप आहेत. सासरे तर परवाच आठ दिवस राहून गेले.