जेऊ कोणी घालायचे?

दिवा-पनवेल मार्गावर तळोज्याच्या पुढे नावडे रोड स्टेशन लागते. शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत, सिडकोने आखलेले सेक्टर आणि त्यांच्यात वेढले गेलेले जुने आगरी गाव. केरळचा फिटर, मराठवाड्यातला कंत्राटी कामगार आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा स्थानिक इथे एकाच गल्लीत राहू शकतात. नवी मुंबईच्या नकाशावर हा भाग शहर म्हणून रंगवलेला असला, तरी नावडे रायगड जिल्ह्यात येते. आणि या जिल्ह्याला पंगतीतून माणूस उठवण्याची जुनी सवय आहे. तिला वाळीत टाकणे म्हणतात.

वाळीत टाकलेल्या घराला लग्नाचे बोलावणे येत नाही. मयताला खांदा द्यायला माणसे येत नाहीत, दुकानदार मीठ-मिरची देत नाही, आणि कोणी त्या घरी पाणी प्यायले तर त्यालाही दंड होतो. गेल्या दशकात रायगडमधल्या अशा प्रकरणांच्या बातम्या एकामागून एक आल्या. अखेर २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा स्वतंत्र कायदा करावा लागणे ही महाराष्ट्राला शरमेची गोष्ट आहे. तो झाला ही अभिमानाची.

वाळीतून परत येण्याची वाटही ठरलेली असे. दंड भरायचा, पंचांची माफी मागायची आणि जातीला किंवा गावाला जेवण घालायचे. त्या जेवणानंतर माणूस पुन्हा ‘आपला’ होई. म्हणजे तुटलेले नाते जेवणाने जोडले जाते, हे गावाला कोणा धर्मपंडिताने शिकवावे लागले नाही. पण त्या पंगतीत कोण कोणाला वाढतो ते नीट पाहायला हवे. ज्याला हाकलले तोच कर्ज काढून वाढतो आणि ज्यांनी हाकलले ते जेवतात. समेट होतो खरा, पण तो ताकदवानाच्या अटीवर होतो.

ख्रिस्ती प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या विधीत, हा क्रम उलटा आहे, आणि त्याचे सारे मोल या उलटेपणात आहे. शेवटच्या भोजनाला येशू यजमान आहे. पंगतीला यहूदा आहे, जो त्याच रात्री त्याला धरून देणार आहे. पेत्र आहे, जो पहाटेपर्यंत तीनदा ओळख नाकारणार आहे. बाकीचे शिष्यही पळून जाणार आहेत. हे ठाऊक असूनही भाकर मोडून दिली जाते. ज्याच्यावर अन्याय होणार आहे, तोच अन्याय करणाऱ्यांना जेऊ घालतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय तर किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला लगेच उमगावा असा आहे. रात्रभर जाळे टाकून हाती काही न लागलेले कोळी, पहाटेचा काठ, कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. पेत्राने ओळख नाकारली तीही अंगणातल्या अशाच विस्तवाशेजारी. पुनरुत्थित येशू त्याला आधी न्याहारी देतो. प्रेमाविषयीचा प्रश्न त्यानंतर येतो, तोही तीन वेळा, जितक्या वेळा पेत्राने नाकारले तितक्याच. आधी जेवण, मग हिशेब. पंचायतीत हे नेमके उलट घडते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. अन्याय करणाऱ्याला ताटावर बसवले तर अन्यायाचे काय? पहिल्या शतकातच प्रेषित पौलासमोर हा प्रश्न आला. करिंथच्या मंडळीत सधन लोक आधी येऊन पोटभर जेवत आणि गरिबांच्या वाट्याला उपास येई. पौलाने त्यांना साफ सांगितले की हे प्रभूचे भोजन नव्हेच. डोंगरावरच्या प्रवचनातही सूचना आहे की वेदीशी आल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत यावे. क्षमा फुकट वाटली जाते, पण ती घेऊन जुनेच वागणे चालू ठेवता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेत हीच कसोटी लागली. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या महासभेने १८५७ मध्ये गोऱ्या सभासदांच्या ‘दुर्बलते’चे कारण देत काळ्या ख्रिस्ती लोकांसाठी वेगळ्या उपासनेला मुभा दिली. प्रभुभोजनही त्यातून वेगळे झाले. पुढे चर्चच वेगळी झाली आणि वर्णभेदाला धर्माचा आधार मिळाला. १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक परिषदेत दक्षिण आफ्रिकेच्या काही काळ्या प्रतिनिधींनी प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. घरी ज्यांच्या मेजावर बसता येत नाही, त्यांच्यासोबत परदेशात भाकर मोडणे त्यांना खोटे वाटले. त्याच परिषदेने वर्णभेदाचे समर्थन पाखंड ठरवले. त्या दिवशी भोजन न घेणाऱ्यांनीच भोजनाची लाज राखली.

महाराष्ट्राचा अनुभव एका चहाच्या पेल्यात सापडतो. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली. त्यांत रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेला हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली, रानड्यांनाही ते घ्यावे लागले. हे प्रकरण बहुधा सनातन्यांच्या हट्टाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. पण यजमानांकडेही पाहायला हवे. चहा देणाऱ्याचे त्यात काहीच गेले नाही, सगळी किंमत पाहुण्यांनी मोजली. ज्या जेवणात यजमानाला काही गमवावे लागत नाही, त्यातून नाते जुळणे अवघडच.

त्याच्या अगदी उलट गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी पती-पत्नी पुन्हा एका छपराखाली आले, तेव्हाही लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले नाही. त्यांचा स्वयंपाक वेगळा होता, पाणीही वेगळे. घर एक, पण अन्न दोन ठिकाणी. जातिभेद हा भ्रम आहे अशी टिळकांची खात्री होती, तरी त्यांनी पत्नीवर आपले ताट लादले नाही. बायकोने आपल्या हातचे पाणी न पिणे ही त्या काळच्या नवऱ्याला केवढी मानहानी, याचा विचार केला म्हणजे त्या वाट पाहण्याचे मोल कळते. पुढे जाती देवाने नव्हे, माणसाने केल्या, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतः काढला आणि कोणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतर आला, १९०० साली. आधी स्वयंपाकघर बदलले, मग वेदी.

चर्च-चर्चमधल्या समेटाचा मोठा प्रसंगही याच राज्यात घडला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. बोलणी १९२९ पासून चालू होती. अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट अशा परंपरांमध्ये बिशप हवा की नको, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्याला, असे खोल मतभेद होते. ते सगळे मिटले नाहीत. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य केल्या गेल्या आणि मेज मात्र एक झाले.

कॅथलिक चर्च त्या मेजाबाहेर आहे. नवी मुंबईत लॅटिन विधीचे कॅथलिक आहेत, कल्याण महाधर्मप्रांताचे सिरो-मलबार कॅथलिक आहेत, मार थोमा, ऑर्थोडॉक्स आणि पेंटेकोस्टल मंडळ्याही आहेत. कॅथलिक पतीच्या प्रोटेस्टंट पत्नीला मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद एरवी मिळत नाही. नियमाने तो फार अपवादात्मक परिस्थितीतच देता येतो. एकच प्रभू मानणारी दोन माणसे घरात एका ताटात जेवतात आणि रविवारी वेदीशी वेगळी होतात. त्यामागचे धर्मशास्त्र समजून घेता येते, पण त्या घराचे दुःख त्याने कमी होत नाही.

आरंभीच्या मंडळीत प्रभुभोजन आणि पोटभर जेवण एकाच बैठकीत होई. दोन्ही वेगळी झाली ती नंतर. मराठी मंडळ्यांतले प्रीतिभोजन हे त्या दुसऱ्या अर्ध्याचे वारस आहे आणि त्याला कुठल्याच धर्मशास्त्राची आडकाठी नाही. वेदीशी जे एकत्र येऊ शकत नाहीत, ते चर्चच्या अंगणात वरण-भाताला बसू शकतात. रायगडमधल्या वाळीत टाकलेल्या कुटुंबालाही हाच क्रम लागू करता येईल. त्या घराकडून गावजेवण मागण्याऐवजी गावानेच आपल्या खर्चाने त्यांना पहिले आमंत्रण द्यावे आणि वाढायला पंचांनी उभे राहावे. २०१६च्या कायद्यात अशी तरतूद नाही, पण कुठल्याही गावाला, देवळाच्या विश्वस्तांना किंवा चर्चच्या कमिटीला ती स्वतःहून पाळता येते.