दाता कोण? (गीता 17.20)

परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेलं दान सात्त्विक, असं आजचा श्लोक सांगतो.

30 जुलै 2014 ला दरडीखाली माळीण गाडलं गेलं. सुमारे दीडशे माणसं गेली. 2017 मध्ये जवळच आमडे इथे गाव पुन्हा वसलं. चाकणहून मंचर-घोडेगावमार्गे आम्ही तिथे ब्लँकेटं घेऊन गेलो. काय हवंय, हे विचारलंच नव्हतं. एका आजींच्या घरात आधीच ब्लँकेटांची चळत होती. तरी मी फोटोसाठी उभा राहिलो. आजी म्हणाल्या, "आधी च्या घ्या, लांबून आलाय."

मला फोटो हवा होता, म्हणजे परतफेडच की! आजींना काहीच नको होतं. मग त्या घरात दाता कोण होतं?

आज काही द्याल, तर आधी विचारा. आणि मोबाईल खिशातच राहू द्या.