लढाई अडवणारी गोष्ट

‘डेमन स्लेअर : इन्फिनिटी कासल’ या चित्रपटाचं मूळ जपानी नाव बरंच लांबलचक आहे आणि त्यात नायक कुठेच नाही. आकाझा परत आलाय, एवढंच ते नाव सांगतं. ‘मुगेन ट्रेन’ या आधीच्या चित्रपटात याच आकाझा नावाच्या राक्षसानं रेंगोकू या योद्ध्याच्या पोटातून हात आरपार घातला होता. तो चित्रपट १६ ऑक्टोबर २०२० रोजी जपानमध्ये लागला. करोनामुळे हॉलिवूडचे बडे चित्रपट तेव्हा पुढे ढकलले गेले होते. तरीही ‘मुगेन ट्रेन’नं ४० अब्ज येनांहून अधिक कमाई केली आणि मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’चा जुना विक्रम मोडला. रेंगोकूला ‘४० अब्जांचा माणूस’ करायचंच, या ईर्ष्येनं चाहते पुन्हा पुन्हा तिकीट काढत होते. एका काल्पनिक योद्ध्याचा शोक प्रेक्षकांनी इतक्या उघडपणे पाळल्याची उदाहरणं फार नाहीत.

‘इन्फिनिटी कासल’ जपानमध्ये १८ जुलै २०२५ ला आला आणि त्यानं पहिल्या आठच दिवसांत १० अब्ज येनांचा टप्पा गाठला. लोक सूड बघायला गेले होते. बाहेर पडताना त्यातले कितीतरी जण आकाझासाठीच रडत होते.

१५५ मिनिटांच्या या चित्रपटाबद्दल एक तक्रार, विशेषतः जपानबाहेर, सतत ऐकू आली. ऐन लढाई रंगात आली की कुणाचा तरी भूतकाळ सुरू होतो आणि सगळी गती मरते. तक्रार निराधार नाही. दिग्दर्शक हारुओ सोतोझाकी आणि युफोटेबल स्टुडिओ यांनी उभा केलेला तो उलटासुलटा, अंत नसलेला किल्ला बघताना डोळे फिरतात, आणि तिथून अचानक एखाद्या गरीब घरातल्या आजाऱ्याच्या अंथरुणापाशी येऊन थांबायचं म्हणजे जिवावर येतं. तरीही ज्या भागाला अडथळा म्हटलं जातं, त्याच भागासाठी हा चित्रपट झाला आहे. तो कापला, तर मागे फक्त कौशल्य उरेल.

आकाझा माणूस होता तेव्हा त्याचं नाव हाकुजी. एदो काळातला हा पोरगा आजारी बापाच्या औषधासाठी पाकीटमारी करतो. पकडला जातो, फटके खातो. चोरांच्या हातावर गोंदवण्याची त्या काळातली शिक्षा त्यालाही होते. पोराच्या चोरीवर जगायचं नाही म्हणून बाप गळफास घेतो. पुढे केइझो नावाचा एक गुरू त्याला ठोकून काढतो आणि मग घरी नेतो. त्याची अंथरुणाला खिळलेली मुलगी कोयुकी हिची सेवा हाकुजीकडे येते. ती बरी होते, लग्न ठरतं. ही बातमी बापाच्या थडग्यापाशी सांगायला हाकुजी गेलेला असताना शेजारच्या आखाड्यातले लोक विहिरीत विष कालवतात. गुरूही जातो, कोयुकीही जाते. हाकुजी नुसत्या हातांनी ६७ माणसं मारतो, आणि त्यानंतर राक्षसांचा म्होरक्या मुझान त्याला राक्षस बनवतो. आधीचं सगळं तो विसरतो.

मन विसरतं, शरीर मात्र नाही. आकाझाच्या अंगभर दिसणारे निळे पट्टे म्हणजे त्या गोंदणाच्याच रेषा, हातावरून सबंध देहावर पसरलेल्या. लढताना त्याच्या पायाखाली हिमकणाच्या आकाराचं दिशायंत्र उमटतं, तो आकार कोयुकीच्या केसांतल्या दागिन्याचा. त्याच्या प्रहारांना नावं आहेत ती शोभेच्या दारूची, कारण त्या दोघांनी एकमेकांना वचन दिलं ते आतषबाजीच्या रात्री. म्हणजे ‘मुगेन ट्रेन’मध्ये आकाझा रेंगोकूला मारत असताना प्रेक्षकांनी जे जे पाहिलं, ते सगळं एका मेलेल्या मुलीचं स्मारक होतं. कोयोहारू गोतोगे यांच्या चित्रकथेत हे बीज आधीपासून होतं. पडद्यावर ते कळतं तेव्हा आधीचा चित्रपट मनातल्या मनात पुन्हा बघावा लागतो.

आणि शेवट कसा होतो? नायक तान्जिरो आकाझाचं डोकं उडवतो. या मालिकेच्या नियमाप्रमाणे राक्षस तिथे संपायला हवा, पण तो संपत नाही. नवं डोकं फुटू लागतं. तान्जिरोच्या हाती तलवार उरत नाही, तो नुसता ठोसा मारतो, आणि त्या ठोशानं आकाझाला गुरूचा ठोसा आठवतो. मग तो तान्जिरोकडे बघून हसतो आणि स्वतःचाच प्रहार स्वतःवर करतो. तलवारीनं जे साधलं नाही ते आठवणीनं साधलं. ज्याला भूतकाळ नको होता, त्याला हा शेवट कळणार तरी कसा?

जपानी रंगभूमीला ही रचना नवी नाही. झेआमीच्या ‘आत्सुमोरी’ या नो नाटकात ११८४च्या इचिनोतानीच्या लढाईत मारल्या गेलेल्या तरुणाचं भूत येतं, आपलं मरण सांगतं आणि प्रार्थना मागतं. ज्याच्याकडे मागतं तो भिक्षू म्हणजे त्याला मारणारा योद्धाच, कुमागाई. गोतोगे यांनी हे नाटक डोळ्यांसमोर ठेवलं होतं असा दावा करण्याची गरज नाही. पण मेलेल्या योद्ध्याचं ऐकून घ्यायचं आणि मारणाऱ्यानंच ऐकायचं, ही सवय त्या कथनपरंपरेत मुरलेली आहे. ‘डेमन स्लेअर’च्या दूरचित्रवाणी मालिकेतही मेलेल्या राक्षसाच्या कपड्यावर सहयोद्धा गियूचा पाय पडतो, तेव्हा तान्जिरो त्याला पाय काढायला लावतो. आकाझाशी लढताना तोच गियू तान्जिरोच्या बाजूला उभा आहे.

यात खुन्याला माफी आहे का? नाही. कोयुकी आकाझाला मिठी मारते तेव्हा भोवती ज्वाळा असतात, आणि त्या विझत नाहीत.

खरी उणीव वेगळीच आहे. शिनोबू विरुद्ध राक्षस दोमा, झेनित्सू विरुद्ध राक्षस काइगाकू, मग आकाझा : तिन्ही लढती एकाच साच्यातून निघतात, आणि तिसरीपर्यंत साचा ओळखीचा होतो. सर्वांत जास्त नुकसान होतं शिनोबूचं. बहिणीच्या खुन्यासमोर उभी राहिलेली ही स्त्री आधीच संपते, आणि तिच्या मरणाचं ओझं पुढच्या भागावर टाकलं जातं. एका गोष्टीचे तीन चित्रपट करण्याच्या हिशेबात हे बसतं, कथेच्या हिशेबात बसत नाही.

भारतात हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ ला आला आणि मुंबईत भल्या पहाटेचे खेळ लावावे लागले. देशभरातली कमाई ७० कोटी रुपयांच्या घरात गेली. अ‍ॅनिमेशन म्हणजे लहान मुलांचा विरंगुळा, असं मानणाऱ्या वितरकांना हा धक्काच होता. जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत तो दाखवला गेला. मराठी त्यात नव्हती. पुण्या-मुंबईच्या मुलांना त्यामुळे हाकुजीचा बाप हिंदीत तरी ऐकावा लागला, नाहीतर जपानीत ऐकून इंग्रजीत वाचावा लागला. ही मुलं पोटतिडकीनं चर्चा करतात ती आकाझाच्या अपराधाची आणि त्याच्या दुःखाची. त्या वयाच्या वाचकांसाठी इतका गंभीर प्रश्न मराठीत आज कोण मांडतंय, हे प्रकाशकांनी आणि निर्मात्यांनी स्वतःला विचारावं.

पुढच्या भागात दोमा पुन्हा येणार आहे. चित्रकथा वाचलेल्यांना ठाऊक आहे की त्याला मुळात भावनाच नाहीत. त्याचा भूतकाळ उलगडला तरी कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. आकाझासाठी रडलेल्या प्रेक्षकांना मग अशा राक्षसासमोर बसवायचं आहे ज्याच्याजवळ आठवायला काहीच नाही, आणि त्या वेळी सोतोझाकी लढाई कशासाठी थांबवतात ते बघायचं आहे.