दुसऱ्याची गोष्ट, माझी गोष्ट



येत्या २७ ऑगस्टला संत मोनिका आणि २८ ऑगस्टला संत ऑगस्टीन ह्यांचे सण आहेत. आधी आई, दुसऱ्या दिवशी मुलगा. मोनिका मातेच्या अश्रूंविषयी आपण दरवर्षी ऐकतो. ह्या खेपेला मला मुलाच्या वाचनाविषयी लिहायचे आहे. ऑगस्टीनने लहानपणापासून पुष्कळ वाचले, आणि इतके वाचूनही कित्येक वर्षे त्याला स्वतःचाच पत्ता लागला नव्हता.

त्याचा जन्म ३५४ साली उत्तर आफ्रिकेतील तागास्ते ह्या गावी झाला. आज तो भाग अल्जेरिया देशात येतो. शाळेत त्याला व्हर्जिल ह्या लॅटिन कवीचे महाकाव्य शिकवले जाई. त्यातली डिडो राणी प्रियकर सोडून गेला म्हणून जीव देते. तो भाग वाचताना ऑगस्टीनला रडू येई. पुढे बिशप झाल्यावर, साधारण ३९७ च्या सुमारास, त्याने आपले ‘कन्फेशन्स’ हे आत्मनिवेदन लिहायला घेतले, तेव्हा त्याला ह्याच रडण्याची लाज वाटली. कधीकाळच्या राणीसाठी मी अश्रू ढाळले. पण देवापासून दूर जाऊन माझा स्वतःचा आत्मा मरत होता, त्यासाठी मात्र डोळ्यांतून टिपूस काढले नाही, अशा अर्थाची कबुली त्याने दिली आहे.

आपले तरी काय वेगळे आहे? टीव्हीवरच्या मालिकेत सुनेचा छळ चाललेला पाहून आपण पदराने डोळे पुसतो, आणि त्याच वेळी आपली सून आत स्वयंपाकघरात एकटी भाकऱ्या थापत असते. (आयांनी रागावू नये. पुढे मी स्वतःविषयीही लिहिणार आहे.)

एकोणिसाव्या वर्षी ऑगस्टीनच्या हाती सिसेरोचे एक पुस्तक आले. ते पुस्तक आज उपलब्ध नाही, त्यातले तुकडे तेवढे उरले आहेत. पण त्याने ह्या तरुणाच्या मनात शहाणपणाची भूक जागी केली. त्या भुकेपोटी त्याने पवित्र शास्त्र उघडले आणि लगेच मिटले. सिसेरोच्या डौलदार भाषेपुढे त्याला बायबलची भाषा गावंढळ वाटली! त्यानंतर नऊ वर्षे तो मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथाबरोबर राहिला. ३८४ साली मिलान शहरात वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक झाला. नाव झाले, मान मिळाला. तिथे संत अँब्रोज ह्यांची प्रवचने तो ऐकू लागला, तीही सुरुवातीला त्यांचे वक्तृत्व पारखण्यासाठी. विद्वत्ता वाढत होती. स्वतःची गाठ मात्र पडत नव्हती.

मग ३८६ साली एके दिवशी पोंतिसियानुस नावाचा त्याचा एक देशबांधव घरी आला. मेजावर संत पौलाची पत्रे पाहून त्याला आनंद झाला आणि त्याने एक हकिकत सांगितली. त्रीर शहरात राजदरबारचे दोन अधिकारी फिरता फिरता एका झोपडीत शिरले. तिथे त्यांना संत अंतोनी ह्यांचे चरित्र मिळाले. एकाने ते वाचायला घेतले, आणि वाचता वाचता त्याने आणि त्याच्या मित्राने नोकरी सोडून देवाला वाहून घ्यायचे ठरवले.

गोष्ट दुसऱ्यांची होती. पण ती ऐकताना आपल्याला काय झाले ते ऑगस्टीनने फार नेमके लिहिले आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की मी स्वतःला स्वतःच्याच पाठीमागे लपवून ठेवले होते. देवाने मला तिथून ओढून काढले आणि माझ्याच तोंडासमोर उभे केले. म्हणजे पुस्तके कमी पडली होती असे नाही. वाचणारा हजर नव्हता.

तो बागेत गेला, रडला. शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा गाण्याच्या सुरातला आवाज आला. घे आणि वाच, असे तो आवाज पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याने पौलाचे रोमकरांस पत्र उघडले. तेराव्या अध्यायाच्या अखेरीस चैनबाजी सोडून प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करायला सांगितले आहे, तिथे त्याची नजर पडली. त्यापुढे वाचायची गरज उरली नाही. मला आवडतो तो पुढचा भाग. त्याचा मित्र अलिपियुस तिथेच होता. त्याने पुस्तक मागून घेतले, पुढचेच वाक्य पाहिले, जिथे विश्वासात दुबळा असलेल्याला जवळ करण्याविषयी लिहिले आहे, आणि म्हणाला की हे माझ्यासाठी आहे. एकच पान, दोन मित्र, आणि प्रत्येकाला आपापली ओळ मिळाली. ३८७ च्या पास्काच्या रात्री दोघांचा बाप्तिस्मा झाला.

पुढे १५५४ च्या सुमारास स्पेनमध्ये आविलाच्या संत तेरेजाने ऑगस्टीनचे हे पुस्तक वाचले. बागेतला प्रसंग आला तेव्हा तो आवाज आपल्यालाच हाक मारतो आहे असे तिला वाटले. आणि १९२१ साली जर्मनीत तेरेजाचे आत्मचरित्र एडिथ श्टाईन ह्या तत्त्वज्ञ यहुदी स्त्रीच्या हाती पडले. १ जानेवारी १९२२ रोजी तिने बाप्तिस्मा घेतला. १९४२ साली औश्वित्झच्या छळछावणीत तिला ठार मारण्यात आले. आज ती ख्रिस्तसभेची संत आहे.

गोष्टीत अशी कोणती ताकद असते? राजा दाविदाचे उदाहरण घ्या. त्याने उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत मरायला पाठवले. नाथान संदेष्टा थेट आरोप करत आला असता, तर दाविदाजवळ सबबी तयार असत्या. नाथानाने एका श्रीमंताची आणि गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली. दावीद संतापला, त्याने निकालही दिला. मग नाथानाने त्याला दाखवून दिले, की तो श्रीमंत म्हणजे तूच. दुसऱ्याच्या बाबतीत आपण न्यायाधीश असतो, स्वतःच्या बाबतीत वकील. ह्या आठवड्यात घरी शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय मोठ्याने वाचा. पोप फ्रान्सिस ह्यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनावर एक खास पत्र लिहिले होते. ते आधी धर्मगुरूंच्या घडणीसाठी लिहायला घेतले होते, मग सर्वच श्रद्धावंतांसाठी केले. धर्मगुरूंना त्याची गरज का पडावी, ते मी स्वतःवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी उपवासकाळात मी उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर प्रवचन तयार करत होतो. थोरल्या भावावर बोलायचे ठरवले होते. खरे सांगायचे तर त्या धर्मग्रामातल्या एका गृहस्थांसाठीच ते चालले होते, भावाशी त्यांचा वाडीवरून वाद होता. लूकचा पंधरावा अध्याय मी शंभरदा वाचला असेन. त्या रात्री प्रथमच एक गोष्ट नजरेत भरली. थोरला मुलगा बापाशी भांडताना धाकट्याला ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, बापाचा मुलगा म्हणतो.

माझी आई तेव्हा बहिणीकडे राहत होती. दर रविवारी संध्याकाळी मी तिला फोन करायचो आणि विचारायचो, “तुझा धाकटा काय म्हणतो?” चार वर्षे मी त्याचे नाव घेतले नव्हते. त्याने आपल्या हिश्शाची वाडी बिल्डरला विकली होती, तो राग. मी धर्मगुरू, मला वाडी करायची नव्हती, पण राग पुरता सांभाळून ठेवला होता.

टेबलावर प्रवचनाचा कागद तसाच राहिला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी त्याचा नंबर लावला. त्यानेच उचलला. मी त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारली. पलीकडे क्षणभर शांतता. मग घाबऱ्या आवाजात त्याने विचारले, “आई बरी आहे ना?”