मत्थियाची चिठ्ठी

तीन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता बोईसरकडील एक भगिनी सायंकाळच्या मिस्सानंतर आमच्या ओसरीवर येऊन बसली. यजमान तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, दोन मुले शाळेत. तिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मुंबईत पार पडली होती, किमोथेरपीचे कठीण महिनेही सरले होते; आता किरणोपचार तेवढे उरले होते. हातात मराठीत छापलेले, बऱ्याच पानांचे एक संमतिपत्र होते. ज्या रुग्णालयात ती जात होती तेथे एक चाचणी चालली होती. काही स्त्रियांना नेहमीप्रमाणे पंधरा दिवस किरण द्यायचे, काहींना अवघे पाच दिवस. कुणाला पंधरा आणि कुणाला पाच, हे डॉक्टर ठरवणार नव्हते, रुग्णही ठरवणार नव्हती. संगणक सोडत काढणार होता.

"फादर, माझा उपचार चिठ्ठी टाकून ठरवायचा म्हणतात. यावर सही केली तर पाप नाही ना लागणार?"

आम्ही फारसा विचार न करता म्हणालो, "बाई, सही करू नका. डॉक्टरांना सांगा, मला जे उत्तम तेच द्या." आपण मोठे शहाणपणाचे बोललो असे त्या रात्री आम्हाला वाटलेही. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. तिने सही केली होती. आमचा निरोप तिने डॉक्टरीणबाईंना सांगितला होता आणि वर स्वतःचा एक प्रश्न विचारला होता: तुमची सख्खी बहीण माझ्या जागी असती तर तुम्ही तिला काय दिले असते? डॉक्टरीणबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तिलाही या चाचणीतच घातले असते. तुमच्यासारख्यांच्या काखेतल्या गाठींनाही किरण द्यावे लागतात. त्यांना पाच दिवस पुरतात का, हे मला खरोखरच ठाऊक नाही."

त्या उत्तराने तिचे समाधान झाले. आमचे झाले नाही. ज्या प्रश्नाला आम्ही पाच मिनिटांत निकालात काढले होते, तो पुढे कित्येक दिवस आमच्या मानगुटीस बसला.

चिठ्ठी हा शब्द उच्चारला की आपल्याला जुगार आठवतो. परंतु पवित्र सभेच्या इतिहासातील पहिली निवडणूक चिठ्ठीनेच झाली, हे आपण विसरतो. यूदाची रिकामी जागा भरायची होती. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात दोन नावे पुढे येतात, मत्थिया आणि योसेफ बर्सबा. दोघेही प्रभूच्या सहवासात आरंभापासून राहिलेले, दोघेही तितकेच योग्य. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचे नाव निघाले. सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांचे चिठ्ठीविषयीचे विवेचन आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. ते पुन्हा काढून वाचले. भविष्य जाणण्यासाठी चिठ्ठी टाकणे हा त्यांच्या मते निव्वळ दोष आहे. देवाची उगाच परीक्षा पाहणे हाही दोषच. परंतु एखादी गोष्ट कुणाच्या वाट्याला जावी हे माणसाच्या बुद्धीला न्यायाने ठरवता येत नसेल, तर चिठ्ठीला त्यांची हरकत नाही. त्याही आधी, पाचव्या शतकात, व्हँडल टोळ्या उत्तर आफ्रिकेवर चालून आल्या असता संत ऑगस्टीन यांनी एका बिशपांना लिहिले की, धर्मगुरूंपैकी कोणी लोकांपाशी थांबायचे आणि कोणी जीव वाचवून निघायचे यावर एकमत होत नसेल, तर चिठ्ठी टाकावी. म्हणजे प्रश्न जिवाचा असतानाही आपल्या परंपरेने चिठ्ठीला अस्पृश्य मानलेले नाही. अट एकच. जाणण्यासारखे होते आणि आळसाने जाणून घेतले नाही, असे नसावे. अज्ञान प्रामाणिक असावे.

आणि अज्ञान कबूल न केल्याची किंमत किती मोठी असते! स्तनाच्या कर्करोगाइतके त्याचे दुःखद उदाहरण दुसऱ्या रोगात सापडणे कठीण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद हॉलस्टेड यांनी संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी एकत्रच काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. जितके अधिक कापावे तितका रोग समूळ जाईल, ही त्यामागची समजूत. ते अप्रामाणिक नव्हते. त्यांची खात्रीच होती. त्या खात्रीपायी पाऊण शतक जगभरच्या स्त्रियांनी खोल गेलेली छाती आणि सुजलेला हात घेऊन उरलेले आयुष्य काढले. अखेर इटलीत मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांची चिठ्ठीने दोन गटांत वाटणी केली: एका गटावर जुनी शस्त्रक्रिया, दुसऱ्या गटात स्तनाचा गाठ असलेला भाग तेवढाच काढून किरणोपचार. १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुर्मानात फरक नव्हता. वीस वर्षांनंतरही नव्हता. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीने हेच दाखवले.

याची उलटी बाजूही आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत रोग पुढे गेलेल्या स्त्रियांना अतितीव्र किमोथेरपी व अस्थिमज्जा-प्रत्यारोपण हाच तारक उपाय आहे अशी हवा निर्माण झाली. चिठ्ठीत साधा उपचार वाट्याला येईल या भयाने अनेक स्त्रियांनी चाचणीत येण्यास नकार दिला. त्यामुळे चाचण्या रखडल्या आणि हजारो स्त्रियांनी ते यातनामय उपचार चाचणीबाहेरच करवून घेतले. १९९९ मध्ये निकाल आले, तेव्हा त्या उपचाराचा विशेष लाभ दिसला नाही. दक्षिण आफ्रिकेतील ज्या एका चाचणीने लाभ दाखवला होता, ती बनावट असल्याचे पुढच्याच वर्षी उघडकीस आले. आम्ही ओसरीवर दिलेला सल्ला आणि त्या काळी अमेरिकेत दिला गेलेला सल्ला एकच होता, हे वाचून आम्हाला ओशाळल्यासारखे झाले.

किरणोपचारांचे दिवस पंचवीसवरून पंधरावर आले तेही चिठ्ठीनेच. ब्रिटनमधील चाचण्यांनी ते २००८ साली दाखवले, आणि २०२० मध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने पाच दिवसही पुरतात असे सांगितले. मुंबईत राहणाऱ्याला हा तपशील वाटेल. बोईसरहून मुंबई सुमारे शंभर किलोमीटर. पहाटेची गाडी, दादरची गर्दी, किरण काही मिनिटांचे, आणि परत घरी यायला दिवस मावळलेला. सोबत येणाऱ्या यजमानांची हजेरी बुडते ती वेगळीच. पंचवीसाचे पाच झाले तर वीस दिवसांची मजुरी वाचते, आणि भाडे नाही म्हणून अर्ध्यावर उपचार सोडणारी एखादी आदिवासी भगिनी कदाचित तो पूर्ण करते.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अलीकडच्या वर्षांत या मार्गावर मोठे काम केले आहे. (आमच्या भागात कुणाला कर्करोग झाला की बोट तारापूरच्या अणुकेंद्राकडे जाते. त्या वादात येथे शिरत नाही. पण ज्या अणुऊर्जा खात्याचे ते केंद्र, त्याच खात्याकडे १९६२ पासून टाटा रुग्णालयही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन टोचून पाहिले. हेच औषध दात काढताना हिरडीत टोचतात. देशातील अकरा केंद्रांत सोळाशे स्त्रियांची चिठ्ठीने विभागणी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पाच वर्षांनंतर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी शेकडा ९०.१ हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४. एका चाचणीवर सर्व भिस्त ठेवू नये हे खरेच. पण ज्या औषधात कुणाला नफा नाही, त्याची परीक्षा करायला कोणती कंपनी पुढे आली असती?

येथपर्यंत आमचे मन चिठ्ठीच्या बाजूने झुकले होते. तोच योहानकृत शुभवर्तमानातील कयफा आठवला. सर्व लोकांचा नाश होण्यापेक्षा एकाने मरावे हे हिताचे, असा त्याचा हिशेब. आमच्या भागाला हा हिशेब अपरिचित नाही. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. वीज राष्ट्राला मिळाली, किनारा कोळ्यांचा गेला. तेथे कुणी चिठ्ठी टाकली नव्हती. १४ सप्टेंबर १९५२ रोजी पोप बारावे पायस यांनी वैद्यकीय संशोधकांपुढे भाषण करताना या हिशेबाला स्पष्ट नकार दिला. हात हा शरीराचा अवयव असतो, म्हणून शरीरासाठी हात कापता येतो. परंतु माणूस हा समाजाचा तशा अर्थाने अवयव नव्हे, म्हणून समाजाच्या ज्ञानासाठी त्याचा बळी देता येत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. जर्मनीतील छळछावण्यांतील प्रयोगांच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या.

मग मत्थियाची चिठ्ठी कोठे संपते आणि कयफाचा हिशेब कोठे सुरू होतो? पुस्तकी उदाहरणाची गरज नाही. मुंबईतच ते घडले आहे. १९९८ साली टाटा रुग्णालयाने मुंबईतील गरीब वस्त्यांचे वीस गट पाडले. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. निम्म्या गटांतील स्त्रियांची प्रशिक्षित महिला कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने स्तनतपासणी करणार. उरलेल्या गटांतील ७६,१७८ स्त्रियांना एकदा रोगाची माहिती द्यायची आणि पुढे केवळ विचारपूस ठेवायची. तपासणीसाठी यंत्र नाही, वीज नाही, फक्त शिकवलेला हात. २०२१ मध्ये वीस वर्षांचा निष्कर्ष आला. तपासलेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रुग्ण ४७ टक्के असायचे ते ३७ टक्के झाले. मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगाचा नाही असे संख्याशास्त्र ठामपणे सांगू शकले नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांत मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

याच स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही चाचणी चालली होती. त्या भागावर परदेशातील काही डॉक्टरांनी कठोर आक्षेप घेतला: उपयोगी ठरलेली तपासणी जगात असताना निम्म्या स्त्रियांना ती न देता त्यांचे मृत्यू मोजत का बसलात? उत्तर असे की, त्या वस्त्यांत तशी तपासणी कुणालाच मिळत नव्हती; चाचणीने कुणाचे काही काढून घेतले नाही.

या उत्तरात तथ्य आहे. मॅमोग्राफीचे यंत्र गावोगाव नेणे ज्या देशाला शक्य नव्हते, त्याने शिकवलेल्या हाताची परीक्षा घेतली हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. पण आमच्या भगिनीचा प्रश्न येथे लावून पाहिला की घसा कोरडा पडतो. तुमची बहीण असती तर? संशोधकांची बहीण त्या वस्तीत राहतच नव्हती. तिला तपासणी केव्हाही मिळाली असती. म्हणजे येथे चिठ्ठी दोन अज्ञानांवर टाकलेली होती. एक प्रामाणिक: हाताच्या तपासणीने जीव वाचतात का? दुसरे अज्ञान नव्हेच, ते दारिद्र्य होते, आणि दारिद्र्य कुणा डॉक्टराने निर्माण केलेले नव्हते. ते आपणा सर्वांचे. म्हणून आम्ही त्या संशोधकांना कयफाच्या रांगेत बसवणार नाही. मात्र त्या ७६,१७८ स्त्रियांचे ऋण राहते, आणि ते परळच्या इमारतीपुरते नाही. त्यांच्या वाट्याला न आलेली तपासणी त्यांच्यामुळे मिळालेल्या उत्तरानंतर तरी सर्वांच्या वाट्याला यायला हवी.

ती आली काय? सरकारने २०१६ पासून तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी ही तपासणी कार्यक्रमात घेतली आहे. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी झालेल्या देशभरात शेकडा ०.९ निघाल्या. शंभरात एकसुद्धा नाही. आमच्या धर्मग्रामात गेल्या ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, उपकेंद्रातील नर्सताईंना बोलावले. सभागृहाच्या खिडक्यांना चादरी लावल्या. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. त्यांतील तिघी "आशाताई केव्हाची सांगत होती, पण लाज वाटायची" म्हणाल्या. आमच्या प्रवचनांनीही ही लाज वाढवली असेल काय, असा एक विचार मनात येऊन गेला.

आमची भगिनी दारात उभी राहून नावे लिहून घेत होती. तिच्या नावाची चिठ्ठी पंधरा दिवसांची निघाली होती. पाच दिवसांत सुटलेली विरारची एक मैत्रीण तिला रुग्णालयात भेटली. दोघी अजून एकमेकींना फोन करतात. दरवर्षी तपासणीला जाताना ती आम्हाला सांगून जाते आणि स्वतःला "पंधरावाली" म्हणवते. त्या दिवशी चहा घेताना आम्ही तिला मत्थियाची गोष्ट सांगितली. ती तिने नीट ऐकून घेतली आणि विचारले, "आणि तो दुसरा, फादर? बर्सबा? त्याचे पुढे काय झाले?"

त्यानंतर पवित्र शास्त्रात त्याचे नाव पुन्हा येत नाही, असे आम्ही तिला सांगितले.