गायलेला शोक

शोक गायला की तो गोड का लागतो? संस्कृतच्या वर्गात हा प्रश्न मी दरवर्षी मुलांपुढे ठेवत असे आणि फळ्यावर ‘साधारणीकरण’, म्हणजे भाव एकट्याचा न राहता सगळ्यांचा होणे, असे लिहून पुढच्या पाठाकडे वळत असे. धाकटा भाऊ गेला त्या वर्षी तोच प्रश्न धर्माचा होऊन समोर आला. घरात माणूस गेलेला असताना कुणाच्या तरी सुरेल रडण्यात जीव रमवणे हे पाप तर नव्हे?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी अभंग आणि नाट्यगीते सोडून दुसरे गाणे नसे. सुतक सरल्यावर मी पहिल्यांदा कान लावून ऐकला तो भाच्याने पाठवलेला इटालियन संगीतकार मोंतेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’. हा ऑपेरा १६०७ च्या फेब्रुवारीत मांतुआच्या राजवाड्यात झाला. त्याआधी फ्लोरेन्समधल्या काही विद्वानांनी मनाशी धरले होते की प्राचीन ग्रीक शोकनाट्ये गायली जात असत. म्हणून त्यांनी एकाच गळ्याला पुढे आणले आणि वाद्यांना मागे बसवले. शब्द स्पष्ट कळावा एवढाच त्यांचा आग्रह होता. आमच्या संगीत नाटकाच्या रसिकाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

कथा साधी आहे. लग्नाचा आनंद चाललेला असताना निरोप येतो की नवरी सर्पदंशाने गेली. ऑर्फेओ तिला परत आणायला पाताळात उतरतो. नदीकाठी नावाडी कारोंते वाट अडवतो, तेव्हा तो आपली सगळी विद्या पणाला लावून गातो. कारोंते म्हणतो, ऐकून फार सुख झाले, पण दया माझ्या काळजाला शोभत नाही. पुढे त्याला झोप लागते आणि ऑर्फेओ स्वतःच नाव वल्हवत पलीकडे जातो.

या जागी मी फार अस्वस्थ झाले. कारोंते बहिरा नाही, अरसिकही नाही. त्याला गोडी कळली, दुःख मात्र कळले नाही. शोकगीत ऐकून ‘वा’ म्हणणारे आपण सगळे त्याच काठावर उभे असू, तर रसाची एवढी थोरवी कशाला?

उत्तरासाठी मी ज्या ग्रंथाकडे वळले तो याच शहराने छापलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावरची अभिनवगुप्ताची टीका रामकृष्ण कवींनी संपादित केली आणि तिचा पहिला खंड १९२६ मध्ये गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये निघाला. अभिनवगुप्त रसाची सात विघ्ने सांगतो. त्यांतले एक असे की प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात बुडून आलेला असतो. त्यावर उपाय म्हणून तो गीत, वाद्य, रंगमंडपाची शोभा यांची नावे घेतो. म्हणजे गाणे दुःखावर साखर पेरायला आलेले नसते. ‘हे माझेच’ ही मिठी सुटावी म्हणून ते येते. ‘ऑर्फेओ’ ऐकला त्या रात्री माझे नेमके तेच झाले. भाऊ विसरला नाही, पण त्याच्या जाण्यावर माझा एकटीचा हक्क उरला नाही. त्यात मांतुआचा तो परका नवरदेवही बसला. याला मी पाप म्हणणार नाही. मोक्षही म्हणणार नाही, कारण गाणे संपले की मिठी पुन्हा घट्ट होते.

ऑपेराच्या शेवटी अपोलो येऊन ऑर्फेओला बजावतो की तुझा हर्षही अती होता आणि शोकही अती. मग त्याला स्वर्गात नेतो. हा उपदेश मला पटत नाही. शोक अती होता म्हणूनच तो नदीपार गेला.

खरी अडचण गाणाऱ्याची आहे. पुढे ज्यांच्या गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला, ते बालगंधर्व १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगात भामिनी म्हणून उभे राहिले. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली होती. भूमिका शोकाचीही नव्हती. नटून, लाजून, रुसून प्रेक्षकांना रिझवायचे होते. अभिनवगुप्त म्हणतो की नट हा नुसते पात्र आहे, भांडे. भांड्याला मद्याची चव नसते. त्याचे बाकीचे सगळे मला मान्य आहे. हे वाक्य मात्र मी त्या बापासमोर उच्चारू शकणार नाही.