स्मरण, पोथी आणि यंत्र

मुखपरंपरेने आलेले धन यंत्रात साठवावे काय, आणि साठविल्याने ते खरोखर राखले जाते काय, हा विचार आज अपरिहार्य झाला आहे.

कोणी म्हणेल, कंठस्थ विद्येला यंत्र कशाला? याचे उत्तर महाड तालुक्यातील दासगावी मिळते. सावित्रीकाठचे हे जुने बंदर. डिसेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने येथे उतरून सत्याग्रह परिषदेसाठी महाडास गेले. त्याच गावावर जुलै 2005 च्या अतिवृष्टीत दरड कोसळली आणि माणसे घरांसह गाडली गेली. जे केवळ मुखी असते, ते माणसाबरोबरच जाते.

पंथाचा अनुभवही असाच आहे. सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन त्या मिळविल्या व श्रीनागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरपली, तेव्हा ती साधकांच्या पाठांतरातून पुन्हा सिद्ध झाली, असे परंपरा सांगते. पोथीने स्मरण राखले, स्मरणाने पोथी राखली. एकटे कोणीच पुरे पडले नाही.

यातील मर्म असे की, स्मरणांत भेद आढळला तेथे पूर्वजांनी तो पुसला नाही. अमक्याची ही 'वासना' म्हणून नोंदविला. हीच कसोटी यंत्रास लावावी. दिवंगत हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील स्त्रियांच्या लाखभर जात्यावरच्या ओव्या मिळविल्या. त्यांतील कित्येक आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'च्या संगणकीय संग्रहात गाणारीच्या नावागावासह ऐकता येतात. घरोघरचे जाते थांबले, तरी ओवी उरली. परंतु ज्याची वाणी त्याचे नाव न राखता, त्याची अनुमती न घेता केलेले ध्वनिमुद्रण म्हणजे जतन नव्हे, अपहार होय.

तथापि यंत्र साठविते, स्मरण करीत नाही. स्मरण हा जीवाचा धर्म आहे. त्यात आर्ती असते आणि त्यातून आचार घडतो. निरूपण यंत्रात आहे म्हणून श्रवण टाळणारा साधक पोथी बासनात बांधून निश्चिंत झालेल्या मनुष्यासारखाच होय.

म्हणून वृद्ध महंतांचे निरूपण, तपस्विनींचे पाठ त्यांच्या आज्ञेने अवश्य मुद्रित करावेत. पण प्रत्येक मुद्रणामागे एक तरी नवा मुख तयार व्हावा. तो न झाल्यास शब्द राहील, परंपरा राहणार नाही.

दंडवत प्रणाम.